ट्रेसिंगच्या कापडाचं झबलं

माझ्या घरातल्यांची माझ्याबद्दल एक कायमची तक्रार आहे. कुणी मला काही विचारलं की तोंड उघडायच्या आधी मी कागद शोधते. वरच्या मजल्यावर पाणी का चढत नाही इथपासून ते लग्नात कुणाला कुठल्या गाडीत बसवायचं इथपर्यंत सगळ्याला माझं उत्तर एकच, दोन चौकोन, एक रेघ आणि बाण. नातू म्हणतो, "आजी, फोनवर विचारलं तर कागद कसा दाखवशील?" मी म्हटलं, मग त्याला कॅमेरा काय शोभेला दिलाय का? अमरावतीतल्या मुलींच्या शाळेत मी जन्मभर विज्ञान शिकवलं. पोरी माझ्या पाठीमागं मला ‘बाणवाल्या बाई’ म्हणायच्या हे मला निवृत्त झाल्यावर कळलं, आणि खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. पण ही खोड माझी स्वतःची नाही. ती मी शांतामावशीच्या दोन खोल्यांतून उचलली, आणि ती उचलताना त्या घराची नोकरी माझ्या हातून जाता जाता राहिली. ते एकदा नीट लिहून ठेवायचं कधीपासून मनात होतं.

आम्ही अकोल्याचे. बाबा तेलाच्या गिरणीत कामाला होते, आणि घरी आले की त्यांच्या अंगाला सरकीच्या ढेपेचा वास यायचा. मी शाळेत पाठांतरात पटाईत होते. प्रश्न विचारला की पुस्तकातली ओळ घडाघडा यायची, फक्त त्या ओळीचा अर्थ विचारू नये. तशीच पास झाले आणि सायन्सला जायचा हट्ट धरला. अमरावतीला आईची धाकटी बहीण राहायची, शांतामावशी. तिला सातवा महिना लागला होता, पहिलं बाळंतपण, आणि घरात हाताशी कुणी नव्हतं. मला कॉलेज हवं होतं, तिला माणूस हवं होतं. बाबांनी एसटीत बसवून दिलं आणि खिडकीतून सांगितलं, "शिकनं जमो का न जमो, मावशीले दोन टाइम भाकरी टाकून देजो." त्यांचा माझ्यावर फारसा भरवसा नव्हता, आणि तेव्हा माझाही नव्हता.

मावशीचं घर म्हणजे कौलारू चाळीतल्या दोन खोल्या. भिंतीला भिंत, त्यामुळं शेजारच्या रेडिओवरचे कापसाचे बाजारभाव आम्हाला फुकट ऐकू यायचे. पण त्या घरात शिरल्यावर पहिल्यांदा नजर जायची ती निळ्या रंगावर. मावसाजी, म्हणजे मावशीचे यजमान, कालव्याच्या ऑफिसात ट्रेसर होते. साहेब लोक पेन्सिलीनं नकाशा काढणार आणि मावसाजी त्यावर पारदर्शक कापड ताणून शाईनं तो उतरवून घेणार, हे त्यांचं काम. त्यावरून निळ्या कागदावर पांढऱ्या रेघांच्या प्रती निघायच्या, आणि रद्द झालेल्या प्रती आमच्या घरी यायच्या. फळीवर डब्यांखाली निळा कागद, मोरीच्या खिडकीला निळा कागद, माझ्या फिजिक्सच्या पुस्तकाला कुठल्यातरी धरणाचं कव्हर. मावशी म्हणायची, "माह्या घरात पानी नाई, पन कालवे लय हायत."

मावसाजी बोलायचे फार कमी. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "बोलनं हवेत जाते. काढून दाखव." भांडणसुद्धा ते कागदावर करायचे. पाळणा कुठं बांधायचा यावरून दोघांची दोन दिवस धुसफूस चालली होती. तिसऱ्या दिवशी मावसाजींनी निळ्या कागदाच्या कोऱ्या बाजूवर खोली काढली, दार काढलं, चूल काढली आणि मधल्या आडव्या लाकडाला पाळणा टांगला. झालं, ठरलं, अशा थाटात पेन्सिल कानावर ठेवली. मावशीनं ती कानावरून काढून घेतली आणि दारात एक बाई काढली. पोट एवढं मोठं, की बाई दारातच अडकलेली. "अन् मी कोठून जाऊ मंग? कौलावरून?" मावसाजी ते चित्र बघून असे हसले, की शेजारच्या काकू डोकावून गेल्या. पाळणा आतल्या खोलीत गेला. तिला चित्रकलेतलं ओ की ठो येत नव्हतं. तिच्या बाईला हातसुद्धा नव्हते, पण भांडण मिटलं.

आता त्या कापडाबद्दल सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. ट्रेसिंगचं कापड म्हणजे अस्सल मलमल, खळ लावून कडक आणि चकचकीत केलेली. त्यावर पाण्याचा थेंब पडला तर संपलं, खळ फुगते, शाई पसरते. म्हणून मावसाजी टेबलाशी असले की घरात लोटासुद्धा जपून उचलायचा. पण काम रद्द झालं, की तेच कापड गरम पाण्यात उकळायचं. खळ सुटते, शाई निघते आणि हातात येते लोण्यासारखी मऊ मलमल. कालव्याच्या ऑफिसातल्या यच्चयावत घरांतल्या पोरांची पहिली झबली या कापडाची असायची. रद्द तुकड्याचा एक कोपरा मावसाजी कात्रीनं उडवून ठेवायचे. कोपरा कापलेला दिसला की मावशीनं बेलाशक गंजात, म्हणजे चुलीवरच्या पातेल्यात, टाकावा, असा त्या घरचा कायदा. मावशी दुपारी ती झबली हातानं शिवत बसायची आणि मी तिच्याजवळ बसून फिजिक्स पाठ करायची.

मावसाजी तोवर पर्मनंट नव्हते. ‘वर्कचार्ज’ म्हणजे कामापुरते ठेवलेले. काम संपलं की माणूसही संपला. अशा लोकांनी साहेबांपुढं उभंच राहायचं, खुर्चीला हात लावायचा नाही, अशी ऑफिसची रीत होती. मावसाजी कित्येक वर्षं तसे उभे होते. त्याच सुमारास नवे साहेब आले, पुण्याकडचे. त्यांनी चांदूर बाजारच्या बाजूला एका नाल्याखालून कालवा न्यायचं काम काढलं आणि मावसाजींना म्हणाले, "गवई, हा नकाशा नीट करून द्या. मी तुमचं नाव वर पाठवतो." मावशीनं ही गोष्ट मला किती वेळा सांगितली असेल! दर वेळी सांगताना तिचा हात पोटावर जायचा. बाळ यायच्या आधी बापाची नोकरी पक्की व्हावी, एवढंच तिचं मागणं होतं.

त्या कालव्यापायी माझं डोकं उघडलं. संध्याकाळी मावसाजी मला ते काम समजावून सांगत होते. कालवा येतो, वाटेत नाला आडवा, मग कालव्याचं पाणी मोठ्या नळातून नाल्याच्या पोटाखालून जातं आणि पलीकडं पुन्हा वर येतं. मी म्हटलं, "मावसाजी, पंप कुठं आहे?" "पंप नाई." "मग पाणी आपोआप वर कसं चढेल?" पाणी आपली पातळी गाठतं, हा पुस्तकातला नियम मला तोंडपाठ होता बरं का! मावसाजींनी माझ्या वहीत एका चहाच्या किटलीचं चित्र काढलं. पोट आणि तोटी. "किटलीत चहा एवढा हाय, तोटीत किती असन?" मी तेवढीच रेघ मारली. मग त्यांनी किटलीचं पोट खोडून तिथं कालवा केला, तोटी खोडून पलीकडचा कालवा केला आणि मध्ये नाला काढला. मला आजही तो क्षण आठवतो. अगं बाई, हे तर किटलीच आहे! मी जागच्या जागी उडालेच. "आता तू काढ," ते म्हणाले. मी काढलं, त्यांनी फुली मारली. पुन्हा काढलं, पुन्हा फुली. पलीकडची बाजू मी अलीकडच्याएवढीच उंच ठेवली होती, आणि पाणी पुढं वाहायला ती थोडी खाली हवी. तीन पानं भरली. मी मुळातच चिकट. नळ किती रुंद, उतार किती, नळाच्या तोंडाशी बांधलेलं चेंबर किती खोल, सगळं विचारून विचारून आकडे चित्रात लिहून घेतले. मावशी कढी-गोळ्यांची कढी ढवळत होती. म्हणाली, "काहून व, तुले ठेका घ्याचा हाय काय?"

नकाशा पुरा व्हायला आला होता. साहेब नागपूरला गेले होते, मंगळवारी परत यायचे होते, आणि पेन्सिलीचा मूळ कागद ते सोबत घेऊन गेले होते. सोमवारी सुट्टी. थोडी अक्षरं राहिली होती, म्हणून मावसाजींनी शनिवारी ते कापड पत्र्याच्या नळकांड्यात घालून घरी आणलं. मूळ काम ऑफिसच्या बाहेर न्यायचं नाही असा कडक नियम होता. त्यांनी तो आयुष्यात पहिल्यांदा मोडला होता, तेही काम वेळेत व्हावं म्हणून.

रविवारी सकाळी मावसाजी भाजी आणायला गेले. मावशी मोरीत होती. मला खरा नकाशा बघायचा होता. माझं किटलीचं चित्र त्या देखण्या शाईत कसं दिसतं, ही हौस. नळकांड्यातून कापड काढलं, टेबलावर पसरलं, कडांवर पुस्तकं ठेवली. त्याच्या खाली टेबलावर आधीच एक रद्द तुकडा पडलेला होता, तो मी पाहिलाही नाही. काय सुंदर काम होतं ते! माझ्या तीन पानांतली वेडीवाकडी किटली तिथं अशी ऐटीत उभी होती. तेवढ्यात चुलीवर दूध चढलं. मी घाईनं पुस्तकं उचलली, कापड गुंडाळलं, कोपऱ्यात उभं केलं आणि पळाले. खालचा रद्द तुकडाही सोबत गुंडाळला गेला आणि तोच बाहेरच्या बाजूला आला, कापलेल्या कोपऱ्यासकट. दूध वाचवलं, आणि मग भाकरी टाकायला बसले. नळकांडं डोक्यातून साफ गेलं.

मावशीनं अंघोळ करून आल्यावर कोपऱ्यातली गुंडाळी पाहिली, कापलेला कोपरा पाहिला आणि उकळत्या पाण्याच्या गंजात सोडली. काडीनं दाबलीसुद्धा. मावसाजी भाजीची पिशवी घेऊन दारात आले तेव्हा ती कापड पिळून दोरीवर टाकत होती. दोन तुकडे निघाले. एक छोटा, एक मोठा. मोठ्या तुकड्याकडं बघून मावसाजींच्या हातातली पिशवी तिथंच खाली बसली. वांगी दाराबाहेर घरंगळत गेली. ते टेबलाशी गेले, नळकांडं उचललं, उलटं केलं. मावशीला कळलं आणि ती मटकन खाली बसली. "माय वं! माह्या हातानं पोराच्या बापाची नोकरी धुतली मी! कोपरा तं कापेल होता ना? मी पायला होता!" तिचा आवाज ऐकून शेजारचा रेडिओसुद्धा बंद झाला. मावसाजी तिच्याजवळ बसून एवढंच म्हणाले, "तुह्यी चुकी नाई. माह्याच हातून तथी ठेवल्या गेलं असन."

आणि मी चुलीपाशी, हातात उलथणं. मला माहीत होतं कुणाच्या हातून ठेवलं गेलं ते. पुढं जन्मभर मी वर्गात पोरींना मोठ्या तोऱ्यात सांगत आले, की चूक झाली तर लगेच कबूल करावं, पण त्या सकाळी मी चांगला अर्धा तास गप्प बसले होते, हेही इथं लिहून ठेवते. मावशी स्वतःला बोल लावत होती, मावसाजी स्वतःला. दोघंही माझं पाप वाटून घेत होते. शेवटी मी उठले, निळ्या कागदाची कोरी बाजू घेतली आणि काढलं. टेबल. टेबलावर मोठा चौकोन, त्याच्याखाली छोटा, कोपरा कापलेला. दोन वेण्यांची एक पोरगी. तिच्या हातातून एक बाण कोपऱ्यातल्या गुंडाळीकडं, तिथून दुसरा बाण गंजाकडं. कागद मावसाजींच्या पुढ्यात ठेवला आणि भिंतीला टेकून रडायला लागले.

त्यांनी तो कागद जवळ ओढला. मला वाटलं, आता म्हणतील, बांध तुझी पेटी. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि माझ्या टेबलाच्या डावीकडं, कागदाच्या अगदी कडेला, एक सायकल काढली. सायकलवर माणूस, त्याच्या काखेत नळकांडं. त्याच्यामागं ऑफिसचं दार. तिथून एक बाण काढला आणि माझ्या टेबलापर्यंत आणून सोडला. "चित्र अर्धं काढलं तू," ते म्हणाले. "सुरुवात अथी हाय. म्या आनलं नसतं तं तू पायलं नसतं." मावशीनं पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली, "सायकल बरी काढली जी." आणि आम्ही तिघंही त्या भयंकर सकाळी थोडंसं हसलो. तो माणूस मला त्या दिवशी एक शब्द वाकडा बोलला असता, तर मी अकोल्याला परत गेले असते आणि पुन्हा पुस्तक उघडलं नसतं. हे मला पक्कं ठाऊक आहे.

हसून झाल्यावर मला वही आठवली. मी ती आणली. तीन पानं, फुल्यांसकट. मावसाजींनी पानं उलटली, एकेक आकड्यावर बोट ठेवलं. "नळाची रुंदी हाय. उतार हाय. चेंबर... बाप्पा! तू तं भिंतीची जाडी बी लिहून घेतली!" रोलच्या शेवटचं एक हात-दीड हात कोरं कापड घरात होतं. मावशीनं घरातलं सगळं पाणी मागच्या अंगणात नेऊन ठेवलं, आणि तहान लागली तर बाहेर जाऊन प्यायचं असा हुकूम काढला. मावसाजी आधी निळ्या कागदाच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं माप मांडायचे, मी आकडे वाचायची. शाई नीट धरावी म्हणून कापडावर खडूची भुकटी चोळायचं काम माझ्याकडं. शाईचा पेन कापडावरून जाताना बारीक कुरकुर आवाज यायचा, आणि चुकली जागा ब्लेडनं खरवडताना खिसखिस. रविवारचा उरलेला दिवस आणि सोमवार उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत आम्ही ते केलं. मावशीनं दोन्ही दिवस नुसती खिचडी टाकली, आणि ती आम्ही टेबलापासून लांब, दारात बसून खाल्ली.

सोमवारी दुपारी आम्ही अडलो. नाल्याच्या तळापासून नळाच्या माथ्यापर्यंत माती किती, हा आकडा माझ्या वहीत नव्हता. मी नाला नुसताच खोलगट रेघेनं काढला होता, त्याच्या तळाबद्दल विचारलंच नव्हतं. मावसाजींना तो आकडा नक्की आठवेना. चार फूट की साडेचार. मावशी म्हणाली, "आवो, टाका ना चार. कोन पाह्यते?" मावसाजींनी मान हलवली. "पूर आला का नाला तळ खरवडते. माती कमी पडली तं नळ उघडा पडन, अन् खालच्या साऱ्या वावरांचं पानी जाईन. अंदाजा नाई टाकत मी." "मंग सायेब विचारन!" "विचारू दे." त्यांनी त्या जागी दोन बारीक बाण काढले आणि बाणांच्या मध्ये जागा कोरी सोडली. त्या कोऱ्या जागेकडं मावशी सारखी बघत होती. सारा नकाशा भरला होता, पण तिला तेवढंच दिसत होतं, आणि मलाही.

मंगळवारी मावसाजी नळकांडं आणि माझी वही, दोन्ही घेऊन गेले. तो दिवस कसा गेला विचारू नका. मी कॉलेजात गेलेच नाही. मावशीनं चार वेळा घर झाडलं. संध्याकाळी सायकलची घंटी वाजली. मावसाजी आत आले, चप्पल काढली, हातपाय धुतले, बसले. मावशी म्हणाली, "अवो, सांगा ना काय झालं! जीव गेला माहा!" त्यांनी पेन्सिल घेतली. एक टेबल काढलं. टेबलामागं मिश्या असलेला एक माणूस. टेबलावर एक लांब कापड आणि एक वही. मग टेबलाच्या अलीकडं एक खुर्ची काढली आणि खुर्चीत एक माणूस बसवला. मावशी वाकून बघत होती. "हा कोन बसला?" तिनं विचारलं.

"मी," मावसाजी म्हणाले.

मावशीला पटेना. तिनं पुन्हा चित्र पाहिलं, पुन्हा त्यांच्याकडं पाहिलं. मग ते बोलले, आणि त्यांना एवढं बोलताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं. साहेबांनी कोरी जागा लगेच पकडली होती. "हा आकडा का नाही, गवई?" मावसाजींनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. घरी नेलं, धुतलं गेलं, पोरीच्या वहीवरून पुन्हा काढलं, एक आकडा आठवत नव्हता, अंदाजानं घातला नाही. साहेबांनी खडसावलं, लेखी समज देतो म्हणाले, आणि ती त्यांनी दिलीही. मग पेन्सिलीचा मूळ कागद उघडून आकडा न् आकडा ताडून पाहिला. नाल्याखालची माती साडेचार फूट होती. तो आकडा साहेबांनी स्वतःच्या हातानं कोऱ्या जागेत लिहिला. वही चाळून म्हणाले, "ही किटली कुणाची?" आणि मग, "गवई, उभे का तुम्ही? बसा." किटलीचं पान त्यांनी मागून घेतलं. म्हणाले, साइटवरच्या मिस्त्रीला माझा नकाशा कळत नाही, हे कळेल. वही परत आली तेव्हा त्यात ते पान नव्हतं. मी मुळीच तक्रार केली नाही.

मावशीनं त्या संध्याकाळी मावसाजींना बाजारात पिटाळून गिलावडे आणवले, वर भरपूर दही. मी तीन खाल्ले. मावसाजींची ऑर्डर आली ती बाळ दोन महिन्यांचं झाल्यावर. मुलगी झाली. विहारात नाव ठेवलं, संगीता, आणि त्या दिवशी तिच्या अंगात त्या मोठ्या तुकड्याचं झबलं होतं. मावशी म्हणाली होती, "एवढं महागाचं कापड साऱ्या अमरावतीत कोन्या लेकराले भेटलं नाई."

मावसाजी गेले, मावशीही गेली. मागच्या महिन्यात संगीता माझ्याकडं आली होती. तिच्या सुनेला आता दिवस गेले आहेत. पिशवीतून तिनं ते झबलं काढलं, पिवळसर झालेलं, पण अजून मऊ. "ताई, हे घालू ना बाळाले? आईनं जपून ठेवलं होतं." मी ते खिडकीशी उजेडात धरलं. शाई निघाली होती, पण पूर्ण नाही. पाठीवर एक फिकट करडी रेघ उरली होती. डावीकडून सरळ येते, खाली उतरते आणि उजवीकडं पुन्हा वर चढते, पण पहिल्याइतकी नाही, थोडी खाली. मी तिच्यावरून बोट फिरवलं आणि माझे डोळे भरून आले.

"हे डाग नाई निघत, लय धुतलं," संगीता म्हणाली. "काय आहे हे ताई? तुले माहीत हाय काय?"

मी डोळे पुसले आणि कागद आणायला उठले.